तान्ह्या बाळाच्या डोक्याला मार : पडलं, की कुणी आपटलं? संशोधन कुठवर आलंय

शिवडीकर

परळला एका लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री बघतो. परवा आमच्या जर्नल क्लबमध्ये हा विषय निघाला आणि नंतर चहाच्या टपरीवरही कुणी विषय बदलेना, म्हणून इथे धागा काढतोय. विषय जड आहे. घरात तान्हं बाळ असेल आणि आज मन हळवं असेल, तर उद्या वाचा.

वर्षाच्या आतलं बाळ, रडून रडून घर डोक्यावर घेतलेलं. सांभाळणाऱ्याचा तोल जातो, तो बाळाला छातीशी धरून गदागदा हलवतो किंवा गादीवर आपटतो. बाहेरून बरेचदा ओरखडासुद्धा नसतो. आत मेंदू आणि त्याच्या आवरणांमधल्या बारीक शिरा तुटतात, रक्त साकळतं, ज्याला सबड्युरल म्हणतात. मग बाळ दूध ओकतं, किरकिरतं, मलूल पडतं. घरचे ओपीडीत आणतात ते "पोट बिघडलंय" म्हणून. आणणाऱ्यालाच काय झालं ते माहीत नसतं, किंवा माहीत असून तो सांगत नाही. केस पेपरवर गॅस्ट्रो किंवा व्हायरल असं काहीतरी पडतं आणि बाळ त्याच घरी, त्याच हातांत परत जातं.

१९९९ साली कॅरोल जेनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरमधली अशी १७३ मुलं मागे जाऊन तपासली. त्यातल्या ५४ जणांचं खरं निदान पहिल्या भेटीत हुकलं होतं. ते कळायला सरासरी सात दिवस गेले आणि त्या मधल्या काळात १५ मुलांना पुन्हा मार बसला. माझ्या मते या क्षेत्रातलं पुढचं बरंचसं संशोधन या एका पेपरला दिलेलं उत्तर आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. १९४६ मध्ये जॉन कॅफी या रेडिओलॉजिस्टला सबड्युरल असलेल्या सहा बाळांच्या हातापायांत मिळून २३ फ्रॅक्चर दिसले आणि एकाही घरातून पटेल असं कारण मिळालं नाही. १९६२ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञ केम्पे यांनी मारहाण झालेल्या मुलांवरचा तो गाजलेला लेख लिहिला. १९७१ मध्ये नॉर्मन गथकेल्च या ब्रिटिश न्यूरोसर्जनने मांडलं की डोकं कुठेही न आपटता, नुसतं जोरात हलवूनही असा रक्तस्राव होऊ शकतो.

आता माझ्या प्रांतातलं. पिट्सबर्गच्या रेचल बर्गर यांच्या गटाने रक्ताची चाचणी बनवली. तिच्यात चार गोष्टी मोजतात: एमएमपी-९, न्यूरॉन स्पेसिफिक इनोलेज, व्हीकॅम-१ ही तीन प्रथिनं आणि आपलं साधं हिमोग्लोबिन. चारही आकडे एका सूत्रात घातले की एक स्कोअर येतो. २०१७ च्या पेपरात ५९९ बाळांवर ती पडताळली. मेंदूत रक्तस्राव असलेल्या बाळांपैकी सुमारे ८९ टक्के पकडली गेली. रक्तस्राव नसलेल्यांपैकी जेमतेम ४८ टक्क्यांना "नाही" असं बरोबर सांगितलं.

दुसरीकडे केंट हायमेल यांच्या गटाने आयसीयूतल्या तीन वर्षांखालच्या मुलांसाठी चार प्रश्नांचा नियम काढला. श्वासाचा त्रास आहे का. कान, मान, धड यांवर काळेनिळे डाग आहेत का. सबड्युरल दोन्ही बाजूंना किंवा मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधे आहे का. कवटीचं फ्रॅक्चर एका बाजूच्या साध्या सरळ रेषेपेक्षा गुंतागुंतीचं आहे का. यातलं एक जरी असलं तरी पूर्ण तपास करा. खर्च शून्य, मशीन नको. मुंबईच्या पालिका रुग्णालयात मला स्वतःला हे रक्ताच्या चाचणीपेक्षा जवळचं वाटतं, आणि हे मी लॅबवाला असून म्हणतोय.

इथल्या डॉक्टर, वकील मंडळींनी लिहावं.

मेघना_गिरगाव

वाचून हातपाय गार पडले. माझी लेक साडेचार महिन्यांची आहे. मालीशवाल्या मावशी रोज अंघोळीच्या वेळी तिला पायांना धरून उलटी करतात आणि दोन झोके देतात, "अंग मोकळं होतं" म्हणून. भाऊ येतो तो तिला वर उडवून झेलतो. आणि गेल्या महिन्यात ती पलंगावरून खाली पडली. टेंगूळ आलं, रडली, मग दूध पिऊन झोपली. कुणीतरी सांगा, काही तपासायला हवं का?

बालवैद्य_दहिसर

मेघनाताई, आधी श्वास घ्या.

पलंगावरून पडणं घरोघरी होतं. टेंगूळ येतं, कधी कवटीला बारीक सरळ चीरही जाते, पण दीड मीटरच्या आतल्या पडण्याने मूल दगावण्याचं प्रमाण दर दहा लाख लहान मुलांमागे वर्षाला अर्ध्याहूनही कमी आहे. चॅडविक यांचा २००८ चा पेपर आहे यावर. म्हणूनच "सोफ्यावरून पडलं" एवढीच हकीकत असेल आणि बाळ बेशुद्ध असेल, तर आमच्या कपाळावर आठी येते. लेक पडल्यावर लगेच रडली, नेहमीसारखी प्यायली आणि आज खेळतेय, तर स्कॅनची गरज नाही. पुढे कधी पडली आणि पुन्हापुन्हा उलट्या, जास्त झोप, फीट, किंवा टाळू फुगलेली दिसली, तर मात्र थेट हॉस्पिटल गाठा.

मावशींचे झोके आजपासून बंद. त्याने असा रक्तस्राव होतो म्हणून नव्हे. नेहमीच्या खेळण्या-खेळवण्याने, कडेवर घेऊन उड्या मारल्याने किंवा रिक्षाच्या धक्क्यांनी हे होत नाही. पण तेल लागलेल्या हातातून बाळ निसटलं, तर खाली मोरीची फरशी आहे. भावालाही तेच सांगा, आणि वर पंखा आहे हेही.

आता डागांबद्दल, कारण हे आईवडिलांनाही ओळखता येण्यासारखं आहे. जे बाळ अजून पकडून उभं राहत नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग उठायला कारण लागतं. मेरी क्लाइड पिअर्स यांच्या गटाने २०२१ मध्ये चार वर्षांखालच्या मुलांसाठी नियम पक्का केला. धड, कान, मान, जबड्याचा कोपरा, गालाचा मांसल भाग, पापण्या, डोळ्याचा पांढरा भाग, ओठाच्या आतली पट्टी, इथे डाग किंवा जखम असेल, किंवा डागाला बोटांचा, पट्ट्याचा आकार असेल, तर चौकशी करा. चार महिने किंवा त्याहून लहान बाळाला कुठेही डाग असेल तरी करा. हा नियम ९५ टक्के मारहाणीच्या केसेस पकडतो आणि अपघाताच्या ८७ टक्के केसेस बरोबर सोडून देतो. गुडघ्याला, कपाळाला खरचटलेलं पोर यात येत नाही. ते चालायला शिकल्याचं सर्टिफिकेट आहे.

एक पुस्ती. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या पाठीवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर करडे डाग असतात. परदेशात राहणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून त्यांची फाइलमध्ये नोंद करून घ्यावी. मार बसल्याचा डाग काही दिवसांत रंग बदलतो, हे महिनोन्‌महिने तसेच राहतात.

दादरच्या_आजी

आमच्या वेळी बाळ फार रडलं की मीठमोहऱ्या ओवाळायच्या. दृष्ट उतरायची की नाही देव जाणे, पण तेवढ्या वेळात बाळंतिणीच्या हातातलं पोर दुसरी कुणीतरी घ्यायची. चाळीत चार घरं सोडून कुणी ना कुणी मोकळी असायचीच. आता एकविसाव्या मजल्यावर नवरा कामावर, सासू गावाला आणि दारं बंद. रडकं पोर आणि न झोपलेली आई, दोघंच. मला त्या हलवणाऱ्या माणसाचा राग येतो तसं हेही दिसतं.

बालवैद्य_दहिसर

आजी, नेमकं बोललात. निरोगी बाळांचंही रडणं पहिल्या काही आठवड्यांत वाढत जातं, दीड-दोन महिन्यांच्या आसपास टिपेला पोचतं आणि मग उतरतं. डोक्याला मार लागून आलेल्या बाळांच्या वयाचा आलेखही साधारण त्याच वळणाने, थोडा मागून जातो.

म्हणून प्रतिबंधाचं संशोधन रडण्यावरच बेतलंय. मार्क डायस यांनी न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात बाळंतिणीला घरी सोडण्याआधी आईवडील दोघांना समजावून सांगायचा कार्यक्रम राबवला आणि केसेस ४७ टक्क्यांनी घटल्याचं २००५ मध्ये मांडलं. पुढे पेनसिल्व्हेनियात तेच राज्यभर केलं तर भरतीचं प्रमाण घटलं नाही. तरी मी प्रत्येक बाळंतिणीला आणि मुद्दाम बाळाच्या बापालाही सांगतो: डोकं फिरायला लागलं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दार ओढून गॅलरीत जा, दहा मिनिटं थांबा. रडून बाळाला काही होत नाही.

चष्मेवाली

नेत्रतज्ज्ञ आहे, मुलांचे डोळे बघते. आमचं काम फार कमी लोकांना ठाऊक असतं म्हणून लिहिते.

अशा बाळाच्या डोळ्याचा पडदा बघायला आम्हाला वॉर्डात बोलावतात. पहिलं भांडण न्यूरोसर्जरीच्या रेसिडेंटशी. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की पुढचे काही तास बाहुलीवरून मेंदूची अवस्था त्याला कळत नाही. त्याचं म्हणणं खरंच असतं. मग एकेक डोळा घ्यायचा की थांबायचं यावर तोडगा निघतो, थेंब घातल्याची वेळ केस पेपरवर मोठ्या अक्षरात लिहायची. बाळाला चादरीत घट्ट गुंडाळायचं, सिस्टर डोकं धरते, पापण्यांत बारीक तारेचा चिमटा, माझ्या कपाळाला दिवा आणि हातात भिंग. पुढची काही मिनिटं अख्ख्या वॉर्डाला ते रडणं ऐकू येतं.

काय बघते? रक्ताचे ठिपके आहेत की नाहीत, यापेक्षा ते किती, कुठल्या थरात आणि पडद्याच्या कडेपर्यंत पोचलेत का. घरात पडलेल्या बाळाला बहुधा ठिपके नसतात. असले तर मोजके, मध्यभागी. जोरात हलवलेल्यांत बरेचदा मोजता येणार नाहीत इतके, अनेक थरांत, पार कडेपर्यंत. कधी पडद्याचे थरच एकमेकांपासून सुटतात. पण नॉर्मल बाळंतपणानंतरही साधारण चौथ्या हिश्श्याच्या नवजात बाळांना ठिपके असतात, व्हॅक्यूम लावला असेल तर जास्त. बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत जातात, सहा आठवड्यांनंतर सहसा राहत नाहीत. तेव्हा तीन आठवड्यांच्या बाळाचे थोडे ठिपके बघून कुणावर बोट ठेवायचं नसतं.

कमी दिवसांच्या बाळांच्या पडद्याचे फोटो काढायचा कॅमेरा आता मुंबईत बऱ्याच ठिकाणी आहे. तोच इथे वापरावा. "ठिपके दिसले" एवढ्या ओळीवर पुढे कोर्टात काही उभं राहत नाही, फोटोवर राहतं.

पावशेर

सगळं छान, पण नाण्याची दुसरी बाजू कुणीच मांडत नाहीये. सबड्युरल, पडद्यावरचे रक्तस्राव आणि मेंदूची इजा, ही तीन लक्षणं दिसली की शेवटी बाळाजवळ जो होता तो गुन्हेगार, या हिशोबाने अमेरिकेत माणसं आत गेली आहेत. टेक्सासमध्ये रॉबर्ट रॉबर्सनला लेकीच्या मृत्यूबद्दल २००३ साली मृत्युदंडाची शिक्षा झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ऐन शिक्षेच्या दिवशी स्थगिती मिळाली. खुद्द गथकेल्च यांनी म्हातारपणी, आपल्या कल्पनेचा कोर्टात असा वापर होतोय म्हणून जाहीर चिंता व्यक्त केली होती. स्वीडनच्या सरकारी मूल्यमापन संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं की या तीन लक्षणांवरून हलवल्याचं निदान किती अचूक ठरतं हे सांगायला पुरेसा पुरावाच नाही.

मूळ गोची अशी की अभ्यासात "मारहाण झालेली मुलं" हा गट कुणी ठरवला? डॉक्टरांनी, त्याच लक्षणांवरून. मग त्या गटात ती लक्षणं सापडली याचं कौतुक कसलं?

शिवडीकर

गोची खरी आहे, आणि संशोधक तिच्यावर बरीच वर्षं डोकं घासताहेत. त्यातून सुटायचा फ्रान्समधल्या लोकांचा मार्ग मला आवडतो. व्हिन्शों यांनी २०१० मध्ये दोनच गट घेतले: ज्यात करणाऱ्याने कबुली दिली अशी ४५ बाळं, आणि चारचौघांसमोर अपघात झालेली ३९. दोन्हीकडे काय झालं ते लक्षणांवरून ठरवलेलं नाही. तरीही पडद्यावरचे गंभीर रक्तस्राव कबुलीच्याच गटात एकवटले. त्याच वर्षी अॅडम्सबॉम यांनी २९ कबुलीजबाब तपासले. निम्म्याहून जास्त लोकांनी हलवणं एकदाच नव्हे, अनेकदा केलं होतं, आणि कारण विचारलं तर, त्याने रडणं थांबायचं. मला हे वाचून कसंसंच झालं. थांबायचं कारण बाळाची शुद्ध हरपत होती.

कबुलीही पोलिसांच्या दबावाखाली दिलेली असू शकते, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. मान्य. आणि स्वीडिश अहवालावर बालरोग आणि रेडिओलॉजीच्या संघटनांनी मिळून २०१८ मध्ये सविस्तर निवेदन काढलं. त्यांचं म्हणणं, नुसत्या तीन लक्षणांवर निदान कुणी शहाणा डॉक्टर करतच नाही. हकीकत, हाडांचे एक्सरे, रक्ताच्या तपासण्या, सगळं जुळवतो. शहाणा नसलेला डॉक्टर काय करतो, यावर निवेदनात काही नाही हे तुमच्या बाजूने धरा.

आकडेमोड

रक्ताच्या चाचणीचं गणित मांडतो. समजा पालिकेच्या ओपीडीत उलट्या-किरकिर घेऊन आलेली १००० बाळं आहेत आणि खरा रक्तस्राव पाचांना आहे. (पाच हा आकडा निव्वळ हिशोबापुरता.) चाचणी त्यातली चार-पाच पकडेल. उरलेल्या ९९५ पैकी ५२ टक्के, म्हणजे ५१७ निरोगी बाळांनाही "संशय आहे" म्हणेल. त्या सगळ्यांना सीटी करणार? एवढाल्या बाळांना रेडिएशन देणार?

शिवडीकर

म्हणूनच ती सरसकट करायची चाचणी नाही. डॉक्टरच्या मनात शंका आहे पण स्कॅनला पाठवायचं धाडस होत नाही, त्या मधल्या बाळांसाठी आहे. आणि ती मारहाण ओळखत नाही, फक्त डोक्यात रक्त आहे का एवढंच सुचवते. सीटीऐवजी झटपट एमआरआय हा दुसरा रस्ता आहे: भूल न देता, बाळाला गुंडाळून, मोजक्याच चित्रांचा. लिंडबर्ग यांच्या २०१९ च्या अभ्यासात तो साधारण सहा मिनिटांत उरकला आणि सीटीत दिसलेल्या इजांपैकी जवळपास ९३ टक्के त्यात सापडल्या. सुटले ते मुख्यतः कवटीचे एकेकटे फ्रॅक्चर. आपल्याकडे सहा मिनिटांच्या त्या एमआरआयचा नंबर लागायला किती दिवस, ते विचारू नका.

नाइट_ड्युटी

रेसिडेंट आहे. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही. पावशेर यांच्यासाठी एक केस, ओळख पटेल असं सगळं गाळून.

रात्री दोनच्या सुमारास कॅज्युअल्टीत अडीच महिन्यांचं बाळ. दूध ओकतंय, रडणं बारीक. बाप टॅक्सी चालवणारा, तोंडाला दारूचा वास. मी पोट दाबून बघत होतो. सिस्टर पंचवीस वर्षं तिथेच असलेल्या. त्यांनी न विचारता बाळाचं झबलं, लंगोट सगळं उतरवलं, कानामागे बोट नेलं आणि माझ्याकडे बघितलं. जांभळा डाग. मग लसीच्या कार्डावर सहाव्या आठवड्याला कुणीतरी डोक्याचा घेर लिहिलेला होता, तो वाचून त्यांनी टेप लावला. घेर वाढायला हवा त्याच्या कितीतरी पुढे गेला होता. टाळू टम्म. बापाला त्यांनी "केस पेपर खिडकीवरून शिक्का मारून आणा" म्हणून बाहेर काढलं आणि आईला हळूच विचारलं, "बाई, घरात कोण चिडतं का गं?" आई नुसती रडायला लागली. सीटीत सबड्युरल. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, झाली, पोलीस आले, बापाला बाकावर बसवलं. वॉर्डातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात त्याला शिक्षा देऊन टाकली होती.

सकाळी रक्ताचा रिपोर्ट. गोठायचा वेळ इतका लांबलेला की लॅबने नमुना पुन्हा चालवला. बाळंतपण गावी, घरात झालेलं. जन्मल्यावरचं व्हिटॅमिन के चं इंजेक्शन मिळालेलंच नव्हतं. अंगावर पिणारं बाळ, दोन-अडीच महिन्यांचं, मेंदूत रक्तस्राव: पुस्तकातलं वर्णन. व्हिटॅमिन के दिल्यावर दुसऱ्या दिवशी रिपोर्ट ताळ्यावर. कानामागचा डागही त्यातलाच. सिस्टरनी आठवणीने इंजेक्शनच्या आधी रक्त काढून ठेवलं होतं. आधी टोचलं असतं तर खरं कारण कधीच कळलं नसतं.

उलट केसही बघितली आहे. इंग्रजी बोलणारं, नीटनेटकं जोडपं, बाळाच्या उलट्या. कुणीही काही विचारलं नाही. आठवड्याने ते फिट येऊन परत आलं, आणि एक्सरेत बरगड्यांना मागच्या बाजूने जुळत आलेले फ्रॅक्चर होते. डेन्व्हरच्या पेपरातही आईवडील एकत्र राहणाऱ्या गोऱ्या घरांत निदान जास्त हुकलं होतं, असं वाचल्याचं आठवतं.

कोर्टकचेरी

कायद्याचं थोडक्यात. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सोखाली कळवणं प्रत्येकावर बंधनकारक, न कळवणं गुन्हा. शारीरिक मारहाणीबाबत डॉक्टरांवर इतकं ठळक बंधन नाही, बहुतेक गाडी एमएलसीवर चालते. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ मात्र आहे: मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच क्रूरपणे वागवलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, आणि मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या संस्थेतला माणूस असेल तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरातल्या मारहाणीचं सीसीटीव्ही चित्रण बाहेर आलं, तेव्हा सगळे सीसीटीव्हीवर बोलले. पाळणाघराची साधी नोंदणी कुठे करायची यावर फार कुणी बोललं नाही. शेजारी बाळाला मारताना ऐकू येत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ फिरवा, नाव सांगायची सक्ती नाही.

पावशेर

नाइट_ड्युटी, त्या बापाला नंतर कुणी सॉरी म्हणालं का?

नाइट_ड्युटी

सिस्टर म्हणाल्या. आणि दारूबद्दल झापलंही, त्याच दमात.

मेघना_गिरगाव

मावशींना सांगितलं, त्या जाम रुसल्यात. झोके बंद. आता नवीन धास्ती: ते व्हिटॅमिन के आमच्या लेकीला दिलं होतं की नाही, कसं कळणार? बाळंतपण सांगलीला, माहेरी, छोट्या नर्सिंग होममध्ये झालं.

बालवैद्य_दहिसर

बाळाचं डिस्चार्ज कार्ड काढा. जन्मवेळ, वजन, त्याच्या खाली औषधांत "इंज. व्हिट के १ मिग्रॅ" असं काहीतरी खरडलेलं असेल. पोलिओ-बीसीजीच्या नोंदीजवळही सापडतं. नसेल तर नर्सिंग होमला फोन करा, त्यांच्या लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये असतं. तिथेही नाही मिळालं तर पुढच्या लसीला याल तेव्हा तुमच्या डॉक्टरांना सांगा. आणि त्याआधी नाकातून, नाळेच्या जागेतून किंवा शीतून रक्त दिसलं, तर लसीच्या तारखेची वाट बघू नका.